आफ्रिकेच्या सफारीत बिबट्या कसा शोधावा आणि दिसल्यावर काय पाहावे

आफ्रिकेच्या सफारीहून परतलेल्या मराठी पर्यटकांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते : सिंह पोटभर पाहिले, हत्तींची तर मोजदादच राहिली नाही, पण बिबट्या दिसला नाही; किंवा दिसला तो झाडावर झोपलेला आणि तोही दोन मिनिटे. बहुतेक वेळा यात नशिबाचा दोष नसतो. चुकीच्या महिन्यात जाणे, उशिरा निघणे, गाडी वेगाने हाकणे आणि जनावर दिसताच गलका करणे या चार गोष्टींनी संधी हातची गेलेली असते. त्याहून मोठी चूक क्रमाची आहे. गाडीत बसताच लोक डोळ्यांनी ठिपके शोधू लागतात, कान नंतर देतात आणि जागेचा विचार सर्वांत शेवटी करतात. अनुभवी ट्रॅकर, म्हणजे जनावराचा माग काढणारा माणूस, नेमका उलट चालतो : आधी जागा, मग आवाज आणि जमिनीवरच्या खुणा, आणि डोळ्यांची पाळी अखेरीस. पुढचे टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत.

## टप्पा 1 : उद्यान निवडताना तेथील नियम पाहावेत

बिबट्या आफ्रिकेच्या बहुतेक मोठ्या उद्यानांत आहे. तो दिसेल की नाही हे मात्र त्याच्या संख्येइतकेच तेथील नियमांवर अवलंबून असते. गाडी रस्ता सोडून झुडपात नेता येते का, आणि सूर्यास्तानंतर फिरता येते का, हे दोन प्रश्न आरक्षणापूर्वीच विचारावेत.

दक्षिण आफ्रिकेतील साबी सँड हे खासगी राखीव क्षेत्र क्रुगर राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि दोहोंमध्ये कुंपण नाही. तेथे मार्गदर्शकाबरोबर ट्रॅकर असतो, महत्त्वाच्या प्राण्यामागे रस्ता सोडता येतो आणि अंधार पडल्यावरही फेरी चालू राहते. तेथील बिबट्यांना पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांची सवय झाली असल्याने ते गाडीकडे फारसे लक्ष देत नाहीत. झांबियातील साउथ लुआंग्वा उद्यानात रात्रीच्या फेरीला परवानगी आहे. टांझानियाच्या सेरेंगेटीतील सेरोनेरा खोऱ्यात मात्र रस्ता सोडता येत नाही आणि रात्री फिरता येत नाही; तेथे नदीकाठची झाडे रस्त्यावरूनच दुर्बिणीने तपासावी लागतात. केनियातील मसाई मारा राखीव क्षेत्रात रात्रीची फेरी नसते, पण त्याच्या सीमेला लागून असलेल्या अनेक कॉन्झर्व्हन्सींमध्ये, म्हणजे स्थानिक लोकांच्या जमिनीवरील संरक्षित क्षेत्रांमध्ये, असते. क्रुगरमध्ये स्वतःची भाड्याची गाडी घेऊन फिरण्याची सोय आहे. हा पर्याय स्वस्त आहे आणि चिकाटी असलेल्या माणसाला फळतोही.

येथे होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे सात दिवसांत चार-पाच उद्याने 'कव्हर' करणारा कार्यक्रम घेणे. बिबट्या स्वतःची हद्द राखून राहतो. काल संध्याकाळी मादी कोणत्या नाल्यात उतरली हे मार्गदर्शकाला ठाऊक असते आणि आजची पहाट तो तेथूनच सुरू करतो. आपण रोज मुक्काम हलवला, तर ही माहिती रोज शून्यापासून गोळा करावी लागते. बिबट्या हाच मुख्य हेतू असेल, तर एकाच ठिकाणी किमान तीन, शक्यतो चार रात्री राहावे आणि एखादे उद्यान खुशाल गाळावे.

## टप्पा 2 : महिना ठरवताना शाळेच्या सुट्ट्यांकडे सावधपणे पाहावे

आपल्याकडचा प्रवास मे महिना आणि दिवाळी यांभोवती फिरतो. मार्च ते मे हा पूर्व आफ्रिकेतील मोठ्या पावसाचा काळ असतो : गवत उंच, झाडी दाट आणि चिखलात रस्ते अवघड. मे महिन्यातच जायचे असेल, तर दक्षिण आफ्रिका अधिक योग्य, कारण तेथे तेव्हा कोरडा ऋतू सुरू होत असतो. जून ते ऑक्टोबर या काळात दक्षिण आफ्रिकेत आणि झांबियात गवत बसते, पाने झडतात आणि उरलेल्या पाण्याभोवती हरणे गोळा होतात. बिबट्याला लपायला जागा कमी आणि आपल्याला पाहायला जास्त. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली, तर लुआंग्वात उकाडा असह्य असतो, परंतु बिबट्यासाठी हाच काळ फार चांगला. दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लांबली, तर पावसाची शक्यता धरूनच आखणी करावी.

इशारा : 'आफ्रिका म्हणजे ऊन' या समजुतीने जून-जुलैत पातळ कपडे नेणारे लोक पहिल्याच पहाटे उघड्या गाडीत कुडकुडतात आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उठतात. जाड जाकीट, कानटोपी आणि हातमोजे न्यावेत. हातमोजे नसले की दुर्बीण हातात धरवत नाही.

## टप्पा 3 : सामान

येथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही. प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र दुर्बीण हवी, 8×42 (आठ पट मोठे दाखवणारी, 42 मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची) असल्यास उत्तम. चौघांत एक दुर्बीण असली की ती चौथ्याकडे पोहोचेपर्यंत बिबट्या झुडपात गेलेला असतो. कपडे मातकट रंगाचे असावेत. झांबिया-टांझानियात गडद निळा आणि काळा रंग टाळावा, कारण त्सेत्से माश्या त्या रंगांकडे ओढल्या जातात. कॅमेऱ्याला टेकू म्हणून कापडाची रिकामी पिशवी न्यावी आणि मुक्कामी पोहोचल्यावर तांदूळ किंवा कडधान्य भरून घ्यावे. छोट्या विमानाने उद्यानात उतरणार असाल, तर वजनाची मर्यादा कडक असते आणि पिशवी मऊ असावी लागते, त्यामुळे टणक चाकांची बॅग घरीच ठेवावी.

## टप्पा 4 : पहिला तास वाया घालवू नये

रात्रभर फिरलेला बिबट्या सूर्योदयाच्या आसपास अजून चालत असतो, आणि दवाने भिजलेल्या गवतापेक्षा मोकळ्या मातीची वाट त्याला सोयीची वाटते. म्हणूनच पहाटे तो गाडीच्या रस्त्यावर सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. ऊन चढले की तो सावलीत किंवा झाडावर जाऊन बसतो आणि पुढचे कित्येक तास हलत नाही. ढगाळ, थंड दिवशी मात्र हा वेळ लांबतो, आणि अशा दिवशी नाश्त्यासाठी परतण्याची घाई करणे शहाणपणाचे नाही.

क्रुगरमध्ये फाटके उघडण्याच्या वेळा महिन्यानुसार बदलतात. आदल्या रात्री ती वेळ पाहून ठेवावी आणि फाटक उघडण्यापूर्वी रांगेत असावे. तेथे डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि कच्च्या रस्त्यावर 40 किलोमीटरची मर्यादा आहे, पण बिबट्या शोधायचा असेल, तर वीस-पंचवीसच्या वर जाऊ नये. एसी आणि गाणी बंद असावीत, काचा खाली असाव्यात. काचा वर करून, गारव्यात बसून जंगल पाहणाऱ्याला पुढचा टप्पा लागूच पडत नाही.

तपासा : निघण्यापूर्वी मार्गदर्शकाला तीन गोष्टी विचारल्या का? काल शेवटचा बिबट्या कोठे दिसला, नर होता की मादी, आणि त्याच्याजवळ शिकार होती का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तर सकाळचा बाकी कार्यक्रम रद्द करून थेट तेथे जावे.

## टप्पा 5 : कान द्यावा

ताडोबा किंवा पेंचला गेलेल्या वाचकांना 'कॉल'ची, म्हणजे शिकारी दिसताच इतर जनावरे देतात त्या इशाऱ्याची, भाषा शिकवण्याची गरज नाही. चितळाच्या आणि वानराच्या जागी तेथे इम्पाला आणि व्हर्वेट माकडे आहेत, इतकाच फरक. तरीही नवख्या माणसाची गल्लत होते ती इथेच, म्हणून हा टप्पा जरा सविस्तर पाहू.

इम्पाला धोका दिसताच नाकातून जोरात फुत्कारतो. एक फुत्कार पुरेसा नाही. फुत्कार पुन्हा पुन्हा येत असेल, कळपातील सगळे कान उभारून एकाच दिशेला पाहत असतील आणि पळून न जाता त्याच जागी खिळले असतील, तर शिकारी दृष्टीच्या टप्प्यात आहे असे समजावे. पाहणारी हरणे पळत का नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. बिबट्याचे सारे कसब लपून अगदी जवळ पोहोचण्यात असते. तो एकदा दिसला की त्याची शिकार फसल्यात जमा होते. त्यामुळे त्याला नजरेआड होऊ न देणे हरणाच्या दृष्टीने पळण्यापेक्षा सुरक्षित असते.

इशारा : दक्षिण आफ्रिकेत साधारण एप्रिल-मे महिन्यांत इम्पालाचा माजाचा हंगाम असतो. तेव्हा नर दिवसरात्र घोरतात, डुरकतात आणि फुत्कारतात, आणि नवखे पर्यटक प्रत्येक आवाजावर गाडी थांबवायला लावतात. माद्या शांतपणे चरत असतील आणि फक्त नरच एकमेकांमागे धावत असतील, तर तो आवाज बिबट्याचा निरोप नव्हे.

व्हर्वेट माकडांची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. रॉबर्ट सेफार्थ आणि डोरोथी चेनी यांनी केनियातील अंबोसेलीत ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून केलेल्या आणि 1980 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, ही माकडे बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळे इशारे देतात. बिबट्याचा इशारा ऐकून ती झाडावर चढतात, गरुडाचा ऐकून वर पाहतात किंवा झुडपात शिरतात, आणि सापाचा ऐकून मागच्या पायांवर उभी राहून जमिनीकडे पाहतात. आवाजातील फरक आपल्या कानाला पहिल्या दिवशी कळणार नाही, पण माकड काय करते आहे हे तर दिसते! ती शेंड्याकडे सरकून खाली, दूरवर, एकाच झुडपाकडे रोखून पाहत असतील, तर दुर्बीण त्या झुडपावर लावावी. बबूनचा भुंकल्यासारखा खणखणीत आवाजही उपयोगी आहे. मात्र बबून आपापसांतल्या भांडणातही ओरडतात, म्हणून त्यांच्या नजरेची दिशा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

खारी, गिनी फाउल आणि तित्तिरांच्या जातीचे पक्षी लहानसहान गोष्टींवरही कलकलाट करतात. तो साप, मुंगूस किंवा घुबडासाठीही असू शकतो. असा आवाज ऐकल्यावर थांबावे, दोन मिनिटे पाहावे आणि मोठ्या जनावरांकडून दुजोरा मिळाला नाही, तर पुढे जावे.

बिबट्याचा स्वतःचा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही : करवतीने लाकूड कापताना पुढे-मागे होणाऱ्या घासकामासारखा, खरखरीत, लयीत येणारा. हद्द सांगण्यासाठी आणि जोडीदाराला हाक म्हणून तो असा ओरडतो. पहाटे तंबूत हा आवाज आला, तर दिशा आणि वेळ लक्षात ठेवून मार्गदर्शकाला सांगावी.

गिधाडांबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. गिधाडे दिसली की बिबट्याची शिकार, असे समीकरण अनेक जण मांडतात. बिबट्या शिकार दाट पानांत नेऊन ठेवत असल्याने ती गिधाडांच्या नजरेस सहसा पडत नाही. त्या मानाने तरस अधिक भरवशाचा. लुआंग्वात एका सकाळी झाडाखाली पसरलेल्या तरसाचे फोटो काढून आमची गाडी पुढे गेली आणि अर्ध्या तासाने रेडिओवर कळले की त्याच झाडावर इम्पालाचे धड आणि शेजारी बिबट्या होता. तरस मान वर करून बसला होता; आम्ही चौघांपैकी एकानेही मान वर केली नाही.

## टप्पा 6 : मातीवरच्या खुणा

ठसे वाचण्याचे काम मार्गदर्शकाचे आहे, पण तो काय पाहतो हे कळले तर वाट पाहणे सुसह्य होते. बिबट्याच्या ठशात नखे उमटत नाहीत. तरसाच्या आणि रानकुत्र्याच्या ठशात उमटतात. बिबट्याच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. सिंहाचा ठसा आकाराने स्पष्टपणे मोठा असतो.

ठसा कोणाचा यापेक्षा तो केव्हाचा, हा प्रश्न महत्त्वाचा. काल रात्रीच्या गाडीच्या टायरच्या नक्षीवर ठसा उमटला असेल, तर बिबट्या त्या गाडीनंतर गेला आहे. ठशावर टायरची नक्षी असेल, तर आधी. कडा धारदार असतील तर ठसा ताजा. कडा ढासळल्या असतील, किंवा आत वाऱ्याने आणलेला पालापाचोळा वा किड्यांच्या वाटा दिसत असतील तर जुना. ठशांच्या शेजारी मातीत ओढल्याचा रुंद पट्टा आणि त्यात केस दिसले, तर ती शिकार ओढत नेल्याची खूण होय. अशा वेळी पट्ट्याच्या दिशेतील पहिले मोठे, आडव्या फांद्यांचे झाड शोधावे.

इशारा : ठसे पाहण्यासाठी मार्गदर्शक खाली उतरला, म्हणून आपण उतरू नये. क्रुगरमध्ये स्वतःच्या गाडीतून फिरताना तर ठरावीक जागांखेरीज कोठेही उतरणे निषिद्ध आहे, आणि खिडकीतून धड बाहेर काढणेही.

## टप्पा 7 : आता डोळे

बिबट्या पूर्ण दिसेल अशी अपेक्षा मनातून काढून टाकावी. शोधायचा असतो तो एखादा तुकडा : फांदीखाली लोंबणारी, टोकाला आकडीसारखी वळलेली शेपटी, फांदीच्या दोन्ही बाजूंनी लटकलेले पाय, गवताच्या उभ्या रेघांमध्ये न बसणारी एक आडवी रेघ, पानांत कानाची अर्धगोल कड. शेपटीवरूनच सर्वाधिक बिबटे सापडतात असे माझे मत आहे, कारण जंगलात टोकाशी वर वळणाऱ्या वेली फारशा नसतात.

कोणत्या झाडांकडे पाहावे हेही ठरलेले असते. सेरोनेराच्या काठावर पिवळ्या खोडाच्या बाभळी आणि सॉसेज ट्री. साबी सँडमध्ये मरुला आणि नदीकाठचे जॅकलबेरी. सॉसेज ट्री म्हणजे दुधीभोपळ्यासारखी फळे लोंबणारे किगेलियाचे झाड, जे पुण्या-मुंबईच्या रस्त्यांच्या कडेला लावलेले आपण पाहतो. लुआंग्वात कोरड्या ऋतूच्या उत्तरार्धात त्याची लालसर फुले गळतात, ती खायला इम्पाला, पुकू आणि बुशबक ही हरणे झाडाखाली येतात, आणि हे बिबट्याला चांगले ठाऊक असते. फुलांचा सडा पडलेले झाड दिसले, की आधी फांद्या आणि मग आसपासचे खड्डे तपासावेत.

पाहण्याची पद्धत अशी ठेवावी :

1. गाडीतील प्रत्येकाने एक बाजू वाटून घ्यावी आणि एकाने मागे पाहावे. सगळे पुढे पाहत असतात, म्हणून ओलांडून गेलेल्या वाहनामागून बिबट्या रस्ता पार करतो आणि कोणालाही कळत नाही.
2. डोळे उजवीकडून डावीकडे फिरवावेत. वाचनाच्या सवयीच्या उलट दिशेने नजर सावकाश जाते आणि कमी उड्या मारते.
3. झुडपावर दुर्बीण लावून फोकस हळूहळू मागे न्यावा, म्हणजे पहिल्या पानांच्या पलीकडचे, त्यापलीकडचे असे थर एकामागून एक उघडतात. झुडपाकडे पाहणाऱ्याला झुडूपच दिसते.
4. वारुळांचे माथे, सेरेंगेटीतील कातळांचे उंचवटे आणि कोरड्या नाल्यांच्या कडा चुकवू नयेत.

जनावर दिसल्यावर 'तो बघ, तो बघ' म्हणून बोट नाचवण्याने कोणालाच काही कळत नाही. गाडीचे बोनट बारा वाजता धरून दिशा सांगावी, मग अंतर, मग खूण : 'दोन वाजता, दुसरे मोठे झाड, डावी आडवी फांदी, बुंध्यापासून हातभर पुढे.' हे वाक्य हळू आवाजात सांगण्याचा सराव पहिल्याच दिवशी एखाद्या पक्ष्यावर करून घ्यावा.

तपासा : दिसलेला प्राणी बिबट्याच आहे ना? डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळे अश्रुपट्टे आणि अंगावर भरीव, सुटे ठिपके असतील तर तो चित्ता. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची पोकळ फुले असतात, पाय आखूड आणि मान जाड असते.

## टप्पा 8 : जवळ जाण्याची रीत

येथे चालकाला आपल्या आग्रहाचा फार त्रास होतो. 'आणखी थोडे पुढे घ्या' हे वाक्य प्रवासभर उच्चारायचे नाही असे ठरवूनच बसावे.

पहिला थांबा लांबच असावा. तेथे इंजिन बंद करून जनावर काय करते आहे ते पाहावे. ते पुन्हा डोके टेकवून झोपले किंवा अंग चाटू लागले, तर थोडे पुढे सरकता येते, तेही सरळ त्याच्या अंगावर न जाता तिरक्या रेषेत. चालत्या बिबट्याच्या मागे मागे जाण्याऐवजी बाजूने, अंतर राखून जावे, किंवा तो जेथून येईल असे वाटते तेथे बऱ्याच पुढे जाऊन थांबावे. जवळ यायचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे. आई आणि पिल्लू, शिकारी आणि हरीण, किंवा बिबट्या आणि त्याचे झाड यांच्या मध्ये गाडी कधीही उभी करू नये.

गाडीत उभे राहू नये. बसलेल्या माणसांसह गाडी ही बिबट्याच्या दृष्टीने एक सलग, ओळखीची वस्तू असते. कोणी उभे राहिले की ती आकृती मोडते आणि त्यातून माणूस वेगळा निघतो. फ्लॅश बंद, मोबाइलचा आवाज बंद, आणि वेफर्सची पुडी फोडायची असेल तर आधी किंवा नंतर.

थांबण्याच्या खुणा : कान मागे चपटे, डोके खांद्यांच्या खाली, नजर थेट गाडीवर, शेपटीचे फटकारे, घशातून गुरगुर. यांतील एकही खूण दिसली, तर आपण गरजेपेक्षा जवळ आहोत. तेव्हा इंजिन लगेच सुरू करून दचकवू नये. स्तब्ध राहून ताण ओसरला की सावकाश मागे जावे.

## टप्पा 9 : पाहणे येथून सुरू होते

बहुतेक गाड्या फोटो मिळताच निघून जातात. गर्दीच्या ठिकाणी इतर गाड्या वाट पाहत असतील, तर ठरलेल्या वेळेत जागा सोडलीच पाहिजे. पण मागे कोणी नसेल, तर थांबावे.

झोपलेला बिबट्या. झाडावरचा बिबट्या दुपारी चारच्या सुमारास पाहिला असेल, तर त्याला सोडून जाऊ नये. आधी तो कूस बदलतो, मग जांभया येऊ लागतात, मग अंग चाटतो, उभा राहून पाठ ताणतो, आणि खाली उतरण्यापूर्वी बराच वेळ एका दिशेला पाहतो. एक जांभई काही सांगत नाही. तीन-चार लागोपाठ आल्या तर कॅमेरा हातात घ्यावा. पाहतो आहे ती दिशाच बहुधा त्याच्या चालण्याची दिशा असते. आकाशाच्या पार्श्वभूमीवर फांदीवरचा बिबट्या फोटोत काळा येतो, तेव्हा एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) एक ते दीड स्टॉप वाढवावे.

चालणारा बिबट्या. थांबून झुडपावर मागच्या बाजूने मूत्राची फवारणी, मागच्या पायांनी माती खरडणे, खोडावर गाल घासणे या हद्दीच्या खुणा आहेत. वास घेऊन ओठ वर ओढत, तोंड अर्धवट उघडून तो क्षणभर थबकतो, तेव्हा चिडलेला नसतो, दुसऱ्याच्या वासाची माहिती घेत असतो. मादी वारंवार खुणा करत आणि ओरडत फिरत असेल, तर ती नराच्या शोधात असण्याची शक्यता आहे. शेपटीही पाहावी. ती वर वळवून खालचा पांढरा भाग दाखवत मादी मोकळ्यावरून जात असेल, तर मागे पिल्लू आहे का ते पाहावे. उंच गवतात पिल्ले त्या पांढऱ्या टोकामागे चालतात. हरणांनी पाहिल्यावरही बिबट्या शेपटी अशीच वर धरून उघडपणे चालू लागतो, म्हणजे शिकारीचा बेत त्याने सोडलेला असतो.

शिकारीच्या पवित्र्यातील बिबट्या. पोट जमिनीला लागलेले, खांदे डोक्याच्या वर, आणि सारे शरीर स्तब्ध असताना फक्त शेपटीचे टोक थरथरते. तो चित्त्यासारखा लांब पाठलाग करत नाही, त्याला काही मीटरपर्यंत पोहोचावे लागते. त्यामुळे या अवस्थेत तास-दीड तासही जाऊ शकतो. या काळात गाडी एक फूटही हलवू नये. इंजिनाच्या आवाजाने हरणाचे डोके वर उठते आणि बिबट्याची मेहनत वाया जाते; कधी उलट होऊन आपल्या आडोशामुळे हरणाचा जीव जातो. दोन्ही आपल्या हातून होता कामा नये.

शिकारीवरचा बिबट्या. हा सर्वांत चांगला योग असतो, कारण मोठी शिकार असेल तर तो दोन-तीन दिवस त्याच परिसरात राहतो. खाण्यापूर्वी तो तोंडाने केस उपटून थुंकतो. शिकार लगेच झाडावर नेली की खाली ठेवली, हे नोंदवण्यासारखे आहे. तरस किंवा सिंह जवळ असतील, तर झाडावर नेण्याची घाई होते. सकाळी झाडावर फक्त धड दिसले आणि बिबट्या नसला, तरी निराश होऊ नये. तो पाण्यावर किंवा सावलीत गेलेला असतो. संध्याकाळी परत यावे.

आई आणि पिल्ले. मादी शिकारीला जाताना पिल्लांना कातळाच्या कपारीत किंवा दाट झुडपात ठेवते. परतल्यावर ती हलका, धापेसारखा आवाज करते आणि पिल्ले बाहेर येतात. ती चालता चालता सारखी मागे वळून गाडीकडे पाहत असेल किंवा वाट बदलत असेल, तर आपण तिचा पिच्छा सोडावा. ती गाडीला पिल्लांपर्यंत नेऊ इच्छित नाही. अगदी लहान पिल्लांच्या जागेजवळ थांबण्याचा आग्रह तर कधीच धरू नये.

## टप्पा 10 : रात्रीची फेरी

जेथे परवानगी आहे तेथेच, आणि मार्गदर्शकाबरोबरच. प्रकाशझोत हलता ठेवतात आणि परत चमकणारे डोळे शोधतात. हरणांचे डोळे कळपाने दिसतात. झाडात उड्या मारणारे डोळे बहुधा बुशबेबी या माकडवर्गीय लहान निशाचर प्राण्याचे असतात. बिबट्याचे डोळे जमिनीलगत, एकटे आणि चालते असतात. झोत बिबट्याच्या डोळ्यांवर रोखू नये, लाल फिल्टर असल्यास तो वापरण्यास सांगावे. इम्पालावर तर झोत टाकूच नये, कारण प्रकाशाने आंधळे झालेले हरीण शिकाऱ्याला आयते मिळते. शिकार चालू असेल, तर दिवा विझवून अंधारात ऐकत बसावे. माझ्या मते सफारीतील सर्वांत जिवंत दहा मिनिटे हीच.

## टप्पा 11 : नोंद

मुक्कामी परतल्यावर वेळ, जागेची खूण, नर की मादी, काय करत होता आणि किती वेळ पाहिला, एवढे त्याच दिवशी लिहावे. नराचे डोके रुंद आणि मान जाड असते, तर मादी लक्षणीय लहान असते. एकच बिबट्या पुन्हा दिसला का हे ठरवण्यासाठी चेहऱ्याचा दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो घ्यावा आणि मिश्यांच्या सर्वांत वरच्या ओळीच्या वर असलेले ठिपके मोजावेत. ही संख्या दोन्ही गालांवर वेगळी असू शकते, आणि मार्गदर्शक ती '3:2' अशी सांगतात. हा आकडा बिबट्याच्या आयुष्यभर बदलत नाही. एकाच गालाचा फोटो घेऊन ओळख पटवण्याचा प्रयत्न ही नेहमीची चूक आहे.

फोटो समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी त्यातील स्थानाची माहिती काढून टाकावी, आणि पिल्लांच्या जागेचा उल्लेख मजकुरातही करू नये.